क्रिप्टो एक्स्चेंजमधील पहिले खाते : नाणे दिसते, पण ताबा कोणाचा?

यंत्रमागाच्या धंद्यात मंदी आली की कोणीतरी झटपट कमाईचा मार्ग घेऊन दारी येतोच. पूर्वी भिशी आणि चिट फंड होते. नव्वदच्या दशकात सागवान लागवडीच्या कंपन्या आल्या. आता मोबाइलवर क्रिप्टो आले आहे. या सर्वांना एकाच मापाने मोजणे योग्य होणार नाही. क्रिप्टोमागे खरोखरीचे एक तंत्र आहे. परंतु आपल्या बांधवांपर्यंत ते ज्या वाटेने पोहोचते ती वाट मात्र जुनीच, ओळखीची आहे.

माझा भाचा मालेगावला सुताचा लहानसा व्यापार करतो. एका दुपारी तो मोबाइल हातात घेऊनच आला. म्हणाला, "मामू, भांडवलातले दीड लाख सध्या मोकळे आहेत. सूत भरून पुन्हा सहा महिने उधारीत अडकवण्यापेक्षा बिटकॉइनमध्ये टाकले तर?" त्याला "नको" म्हणणे सोपे होते. पण ज्या बाजारात आपण कधी पाऊल ठेवले नाही त्याविषयी कोणत्या तोंडाने सांगणार? त्याला महिनाभर थांबावयास सांगितले आणि बुडाले तरी चालतील असे पाच हजार रुपये घेऊन मी स्वतः एका भारतीय एक्स्चेंजमध्ये खाते उघडले. एक्स्चेंजचे नाव देत नाही. ते चांगले की वाईट हे सांगण्याइतका माझा अनुभव नाही, आणि जे सांगावयाचे आहे ते बहुतेक सर्वच ठिकाणी लागू पडते.

बिटकॉइन म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणीतरी २००८ साली त्याची योजना मांडली आणि ३ जानेवारी २००९ पासून ते चालू झाले. हे नाणे धातूचे नाही आणि कोणत्याही सरकारचेही नाही. ती एक सामाईक खातेवही आहे. जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या एकसारख्या नकला असतात आणि सुमारे दर दहा मिनिटांनी तिच्यात नवे पान जोडले जाते. कोणाच्या नावे किती नाणे आहे याची नोंद त्या वहीत असते, मात्र नावाच्या जागी अक्षरे व आकडे यांचा एक लांबलचक पत्ता असतो. त्या पत्त्याची गुप्त किल्ली ज्याच्याजवळ, तोच ते नाणे पुढे पाठवू शकतो. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपेक्षा अधिक होणार नाहीत असा नियम आहे. एका नाण्याचे दहा कोटी भाग पडतात, त्यामुळे शंभर-दोनशे रुपयांचे बिटकॉइनही घेता येते. संपूर्ण नाणेच घ्यावे लागते असा आपल्याकडे अनेकांचा समज आहे, तो चुकीचा आहे.

एक्स्चेंज म्हणजे ही खातेवही नव्हे. ती खाजगी कंपनीची आडत आहे. घेणारे आणि विकणारे तेथे येतात, कंपनी सौदा जुळवते आणि आपली दलाली घेते. पुढे जे काही सांगावयाचे आहे ते बहुतेक याच फरकातून निघते.

नावाची अडचण

खाते उघडताना पॅन, आधार, मोबाइलवर येणारा ओटीपी, चेहऱ्याचे छायाचित्र आणि बँक खाते एवढे लागते. बँक खाते आपलेच आहे हे पाहण्यासाठी कंपनीने त्यात एक रुपया जमा केला. सर्व काही दहा मिनिटांत होईल असे लिहिले होते, मला अकरा दिवस लागले. कारण आपल्या वाचकांना सांगावयास नको. पॅनवर नावाआधी "मोहम्मद" पूर्ण आहे, आधारवर त्याचे संक्षिप्त रूप आहे आणि बँकेच्या पासबुकात ते मुळीच नाही. शेख या एका आडनावाची इंग्रजीत तीन-चार स्पेलिंगे चालतात. संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. खाते क्रिप्टोचे उघडा अथवा न उघडा, पॅन, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणी नाव एकसारखे करून घ्या. जीएसटी, कर्ज, हज अर्ज, सर्वत्र त्याचा उपयोग आहे.

ही चौकशी टाळून खाते देणारेही भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे. ७ मार्च २०२३ पासून भारतात हा व्यवसाय करणाऱ्यांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू झाला असून केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये बिनान्ससह नऊ परदेशी एक्स्चेंजेसना या नोंदणीवरून नोटिसा गेल्या होत्या. नोंदणी आहे की नाही हे पाहूनच पुढे जावे. मात्र नोंदणी म्हणजे सरकारची हमी, असा अर्थ कोणी काढू नये. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, येथे तसे काही नाही. रिझर्व्ह बँक तर डिसेंबर २०१३ पासूनच सावधगिरीचा इशारा देत आली आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिने बँकांना या व्यवसायाशी संबंध ठेवण्यास मनाई केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केली. तेव्हापासून क्रिप्टो घेणे-विकणे गुन्हा नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही. ग्राहकाने कापडाचे बिल बिटकॉइनमध्ये देऊ केले तर ते घेण्यास आपण बांधील नाही.

दोन हजारांचे १,९३७

पैसे बँकेतून खात्यात गेले आणि समोर भावफलक आला. हिरव्या बाजूला घेणाऱ्यांचे भाव, लाल बाजूला विकणाऱ्यांचे. मंडईत उभे राहिल्यासारखेच वाटते, फक्त ओरडणारे कोणी नाही. येथे नवखा माणूस पहिली चूक करतो आणि ती मीही केली. "मार्केट ऑर्डर" म्हणजे समोर जो भाव असेल त्या भावाने माल उचलणे. "लिमिट ऑर्डर" म्हणजे आपला भाव सांगून थांबणे. मी मार्केट ऑर्डर देऊन दोन हजारांचे बिटकॉइन घेतले आणि काय होते ते पाहण्यासाठी लगेच विकले. बाजार जवळजवळ जागेवरच होता.

हिशोब असा झाला. घेताना दलाली १० रुपये आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी १ रुपया ८० पैसे. उरलेल्या १,९८८ रुपयांचे नाणे मिळाले. विकण्याचा भाव घेण्याच्या भावापेक्षा सुमारे एक टक्क्याने खाली होता, म्हणून विक्री १,९६८ रुपयांची झाली. पुन्हा दलाली आणि जीएसटी मिळून ११ रुपये ६० पैसे गेले. त्याशिवाय एक टक्का टीडीएस, म्हणजे १९ रुपये ५० पैसे. हाती आले सुमारे १,९३७. भाव पडला नाही, कोणी फसवले नाही, तरी ६३ रुपये कमी झाले. त्यातले टीडीएसचे पैसे आयकर विवरणपत्र भरल्यावर करात वळते होतात किंवा परत मिळतात, बाकीचे गेले ते गेले. लिमिट ऑर्डर दिली असती तर भावातील फरकाचे वीस रुपये बहुधा वाचले असते.

हा एक टक्का दिसतो लहान. १ जुलै २०२२ पासून तो विक्रीच्या रकमेवर कापला जातो, नफ्यावर नाही. दहा हजारांचे भांडवल महिन्यात वीस वेळा फिरवले आणि प्रत्येक वेळी ना नफा ना तोटा झाला, तरी सुमारे १,८०० रुपये टीडीएसमध्ये अडकतात. उधारीत अडकलेला पैसा निदान ओळखीच्या माणसाकडे तरी असतो!

कराचा मुख्य भाग याहून कडक आहे. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर आहे. खरेदीच्या किमतीशिवाय दुसरा खर्च वजा होत नाही. आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढील वर्षी नेता येत नाही, दुकानाच्या नफ्यातूनही वळता होत नाही. व्यापाऱ्याच्या डोक्यात हे सहजी शिरत नाही, म्हणून उदाहरण देतो. समजा, एक नाणे १०,००० ला घेऊन १४,००० ला विकले. दुसरे १०,००० ला घेऊन ६,००० ला विकले. आपल्या रोजकीर्दीप्रमाणे वर्षअखेर हिशोब शून्य. सरकारच्या हिशोबात मात्र ४,००० नफा झाला, त्यावर १,२०० रुपये कर आणि ४८ रुपये उपकर, एकूण १,२४८ रुपये भरावयाचे. तोट्याचे ४,००० कोणी विचारीत नाही. भाच्याच्या दीड लाखावर हाच हिशोब करून दाखवला तेव्हा तो प्रथमच गप्प बसला.

ताबा कोणाचा?

आता मुख्य गोष्टीकडे वळू. मी नाणे घेतले तेव्हा पडद्यावर माझ्या नावापुढे दशांश चिन्हानंतर बरीच शून्ये आणि काही आकडे दिसू लागले. मला वाटले, जागतिक खातेवहीत माझी नोंद झाली. तशी काहीच नोंद झालेली नव्हती. एक्स्चेंजमधील खरेदी-विक्री कंपनीच्या स्वतःच्या चोपडीत लिहिली जाते. बिटकॉइनच्या वहीत नाणे कंपनीच्या पत्त्यावर असते आणि किल्ली कंपनीजवळ असते. माझ्याजवळ असते ती कंपनीने दिलेली चिठ्ठी.

आडत्याच्या गोदामात माल ठेवून चिठ्ठी घेण्याचा रिवाज आपल्याला नवा नाही. चिठ्ठी खरी ठरते ती दोन गोष्टींवर : माल गोदामात आहे का, आणि मागितल्यावर मिळतो का. क्रिप्टोच्या सोळा-सतरा वर्षांच्या इतिहासात मोठे घात झाले ते बहुतांशी येथेच.

टोकियोतील माउंट गॉक्स हे एके काळी जगातले सर्वांत मोठे बिटकॉइन एक्स्चेंज होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झालेले होते. पुढे त्यातील दोन लाख सापडले. ग्राहकांना नाणी परत देण्यास सुरुवात झाली ती जुलै २०२४ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. एफटीएक्स नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळले. तेथे ग्राहकांचा पैसा मालकाच्याच दुसऱ्या कंपनीकडे, अलामेडा रिसर्चकडे, वळवला गेला होता. संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड याला मार्च २०२४ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. आपल्या भाषेत ही अमानतीतील खयानत झाली.

कॅनडातील क्वाड्रिगा या एक्स्चेंजचा प्रकार तर विलक्षणच. तिचा तरुण मालक डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला आला असताना वारला. किल्ल्या केवळ त्यालाच ठाऊक होत्या असे सांगण्यात आले आणि हजारो ग्राहक हवालदिल झाले. चौकशीनंतर २०२० मध्ये ओंटारिओच्या सिक्युरिटीज कमिशनने निष्कर्ष काढला की, नाणी मुळात शिल्लकच नव्हती. मालकाने खोट्या नावांची खाती काढून ग्राहकांच्या पैशाने सट्टा खेळला होता.

घरचे उदाहरण वझीरएक्सचे. मुंबईत सुरू झालेल्या या एक्स्चेंजमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीस गेली. ग्राहकांच्या मालमत्तेतील ही सुमारे ४५ टक्के रक्कम होती. ज्यांचा सौदा फायद्यात होता त्यांचीही नाणी त्या दिवशी गोठली. रुपयांतील शिल्लक काही अंशी आधी सुटली. पण प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात जाऊन तडजोडीची योजना मंजूर होईपर्यंत आणि व्यवहार पुन्हा सुरू होईपर्यंत ऑक्टोबर २०२५ उजाडला. पंधरा महिने! सुताचा व्यापारी पंधरा महिने भांडवलाशिवाय राहू शकतो का, एवढेच मी भाच्याला विचारले. सर्वच ठिकाणी असे झाले असे नाही. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्समधून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर गेले, ते कंपनीच्या स्वतःच्या खात्यातून गेले आणि तोटा कंपनीने सोसला.

म्हणून पाच हजारांपैकी उरलेल्या रकमेत मी दुसरी परीक्षा घेतली. थोडे बिटकॉइन घेऊन ते एक्स्चेंजमधून बाहेर, स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून पाहिले. काही ठिकाणी बाहेर काढण्याची सोयच नसते. जेथे सोय नाही तेथे आपण नाणे घेत नसून केवळ त्याच्या भावावर पैसे लावतो, असे समजावे. माझ्या एक्स्चेंजमध्ये सोय होती, पण नवा पत्ता नोंदवल्यावर चोवीस तास थांबावे लागले आणि पाठवण्याचे शुल्क लहान रकमेच्या मानाने बरेच जड पडले. वॉलेट उघडताना मोबाइलने इंग्रजीतील बारा शब्द दाखवले आणि क्रमाने लिहून ठेवावयास सांगितले. ते बारा शब्द म्हणजेच किल्ली. कागद हरवला आणि मोबाइल बिघडला तर नाणे कायमचे गेले. कोणी पाहिला तर त्याचे झाले. त्याचे छायाचित्र काढू नये, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये, आणि "कस्टमर केअर"वाला शब्द विचारू लागला तर तो चोर आहे हे निश्चित समजावे. घरातील एका भरवशाच्या माणसाला कागदाची जागा ठाऊक असावी, नाही तर आपल्या पश्चात वारसांना हिस्सा मिळणे दूरच, असे काही होते हेही कळणार नाही.

पाठवताना पत्ता हाताने लिहू नये, नक्कल करून चिकटवावा आणि पहिली-शेवटची पाच-सहा अक्षरे डोळ्यांनी पडताळावीत. यूएसडीटीसारखे नाणे अनेक जाळ्यांवर चालते. ट्रॉनवरचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो, इथेरियमवरचा शून्य आणि एक्स यांनी. जाळे चुकले तर पैसे परत मिळण्याची हमी नाही. रद्द झालेल्या चेकसारखा येथे उपाय नाही.

ओळखीच्या वाटेवरचे खड्डे

भाच्याला हा नाद लावला तो टेलिग्रामवरील एका गटाने. तेथे "अनोळखी विक्रेत्याकडून यूएसडीटी स्वस्तात घ्या, दुसऱ्याला महाग विका, दिवसाला हजार रुपये सुटतात" असे सांगतात. याला पीटूपी म्हणतात. यातील धोका आपल्या व्यापाऱ्यांनी नीट ध्यानी घ्यावा. समोरचा माणूस आपल्या बँक खात्यात जे पैसे पाठवतो ते त्याने दुसऱ्या कोणाला फसवून मिळवलेले असू शकतात. ज्याची फसवणूक झाली तो तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढीत येतात आणि आपले खाते गोठते. दुकानाचे करंट अकाउंट असेल तर मजुरांचा आठवडा, विजेचे बिल, सुताचा चेक, सर्वच अडकते. आखातातील नातलगाचे पैसे यूएसडीटीने मागवणे किंवा परदेशी मालाचे बिल तसे चुकवणे, हेही असेच संकट ओढवून घेणे आहे. त्यात परकीय चलनाचा कायदाही येतो.

महिन्याला ठरावीक टक्के देणाऱ्या योजना तर मुळीच नकोत. गेनबिटकॉइन या योजनेत अठरा महिने, दर महिना दहा टक्के असे आमिष होते. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये तिच्या सूत्रधाराला अटक केली तोवर महाराष्ट्रातील अनेकांचे पैसे गेले होते. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

हलाल-हरामचा प्रश्न वाचक विचारतीलच. हे पान व्यापाराचे आहे, फतवा देणे आमचे काम नाही. उलेमांचे यावर एकमतही नाही. इजिप्तच्या ग्रँड मुफ्तींनी २०१८ च्या प्रारंभी बिटकॉइनचा व्यापार निषिद्ध ठरवला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून त्याचा वापर हराम सांगितला. मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरीअत सल्लागार मंडळाने २०२० मध्ये नोंदणीकृत एक्स्चेंजवरील व्यवहारास परवानगी दिली. मुफ्ती साहेबांकडे जाल तेव्हा "क्रिप्टो जायज आहे का?" असा मोघम प्रश्न विचारू नका. एकाच अ‍ॅपमध्ये चार वेगळे धंदे असतात : रोख नाणे घेणे, दहापट-वीसपट उधारी घेऊन वायद्याचा सौदा करणे, नाणे कंपनीकडे ठेवून ठरावीक परतावा घेणे, आणि नाणे स्वतःच्या ताब्यात नसताना पुढे विकणे. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा विचारावा, उत्तरही वेगळे येऊ शकते.

महिना संपल्यावर मी उरलेले पैसे बँकेत काढून घेतले, ते दुसऱ्या दिवशी जमा झाले. बाहेर काढलेले थोडे बिटकॉइन अजून वॉलेटमध्ये आहे आणि बारा शब्दांचा कागद दुकानाच्या दस्तऐवजांत आहे. विक्रीच्या नोंदी मी सनदी लेखापालाकडे दिल्या. विवरणपत्रात क्रिप्टोसाठी वेगळा तक्ता आहे, त्यात प्रत्येक सौदा तारीखवार भरावा लागतो.

भाच्याने दीड लाखाचे सूत भरले. पाच हजार मात्र त्याने वेगळे काढले आहेत आणि माझ्याच एक्स्चेंजमध्ये अर्ज केला आहे. आधारवरील नावात एक अक्षर जास्त असल्यामुळे तो अद्याप मंजूर झालेला नाही.